आधी आधण मोजा, मग स्टोव्ह घ्या

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या अलीकडच्या कातळावर, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही तिघं चहाच्या पाण्याला उकळी फुटायची वाट बघत बसलो होतो. कोकणातून वर चढून आलेला वारा कड्यावरून थेट बर्नरवर येत होता. ज्योत निळी होती, आवाजही भरपूर होता, पण टोपाच्या बुडाला लागायच्या आत ती आडवी होऊन बाहेर पळत होती. पंधरा मिनिटं झाली तरी पाण्यात नुसते बारीक बुडबुडे. शेवटी तशाच गरम पाण्यात चहापूड ढवळली आणि प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाजवळच्या गुहेच्या आडोशाला तोच बर्नर, तोच टोप आणि तेवढंच पाणी पाच मिनिटांत खळखळायला लागलं.

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन गच्चीत गेले. एक लिटर पाणी उकळलं आणि गॅसच्या कॅनचं वजन आधी आणि नंतर केलं. १३ ग्रॅम गॅस गेला होता. मग टेबलफॅन आणला, सगळ्यात कमी वेगावर बाजूला लावला आणि पुन्हा एक लिटर ठेवलं. या वेळी २४ ग्रॅम. बर्नर तोच, टोप तोच, पाणी तेवढंच.

तेव्हापासून कुणी विचारलं, ‘ट्रेकसाठी हलका स्टोव्ह कुठला घेऊ?’, की मी आधी पाण्याबद्दल विचारते. दिवसाला किती आधण ठेवणार, कुठे ठेवणार, आणि किती दिवस? एवढं कळलं की बर्नर, टोप आणि इंधन ठरवायला फार वेळ लागत नाही. उलट दुकानात आधी बर्नर आवडला आणि मग त्याच्याभोवती बाकीचं जमवत गेलं, तर पाठीवर हमखास जास्त वजन येतं. आपण वाहतो ते बर्नर, टोप, झाकण, इंधन आणि इंधनाचा डबा या सगळ्यांचं मिळून वजन. बर्नरवर छापलेला आकडा त्यातला अगदी लहान भाग असतो.

एका लिटरचा हिशोब

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. २० अंशांचं पाणी १०० अंशांवर न्यायचं तर ३३५ किलोज्यूल. ट्रेकच्या कॅनमध्ये ब्यूटेन, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं आणि त्याच्या एका ग्रॅममधून साधारण ४५ किलोज्यूल उष्णता निघते. भागाकार केला तर एका लिटरला साडेसात ग्रॅम गॅस पुरायला हवा.

प्रत्यक्षात साध्या बर्नरवर आणि साध्या टोपात, आडोशाला, १२ ते १५ ग्रॅम लागतो. म्हणजे जवळजवळ अर्धी उष्णता टोपाच्या कडेकडेने वर निघून जाते. बुडाला धातूचे पंख असलेला हीट एक्स्चेंजरचा टोप असेल तर हाच आकडा ८ ते १० ग्रॅमवर येतो. आणि उघड्यावर वारा असेल तर २० च्या पुढे, कधीकधी उकळी फुटतच नाही. म्हणून इंधन वाचवायचं म्हणजे कडेने पळणारी उष्णता अडवायची. त्यासाठी पैसे खर्च करायचे मार्ग आहेत, तसेच फुकटचेही आहेत, आणि फुकटचे मार्ग आधी वापरावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला फुकटचा मार्ग झाकण. पाणी तापवण्यापेक्षा पाण्याची वाफ करणं कितीतरी महाग पडतं. १०० मिलीलिटर पाणी वाफ होऊन उडालं तर जवळजवळ २२६ किलोज्यूल गेले, म्हणजे आणखी पाऊण लिटरच्या आसपास पाण्याला उकळी फुटली असती एवढी उष्णता. चहा ‘जरा चांगला उकळू दे’ म्हणून टोप उघडा ठेवून आपण पाच मिनिटं गप्पा मारतो, तेव्हा हेच होत असतं. उकळी फुटली की चहापूड टाकायची, ज्योत बंद करायची, झाकण ठेवायचं. चहा मुरतो, चवीत काही कमी होत नाही.

झाकणावर पाणी ठेवायची घरची युक्ती इथेही चालते. भाजी वाफेवर शिजवताना आपण ताटलीत पाणी ठेवतोच. ट्रेकला खोलगट झाकण असेल तर त्यात घोटभर पाणी ठेवावं. ते फुकटात तापतं आणि खरकटी भांडी विसळायला उपयोगी पडतं.

दुसरा मार्ग आच कमी ठेवण्याचा. मोठी आच ठेवली की ज्योत बुडाबाहेर पसरते आणि टोपाच्या बाजूने हवा तापवत बसते. ज्योत बुडाच्या आत राहील एवढीच ठेवली तर पाणी उकळायला एखाद-दोन मिनिटं जास्त लागतात, पण गॅस वाचतो. गडावर संध्याकाळी दोन मिनिटांची घाई कुणालाच नसते.

तिसरा मार्ग आडोसा. दगडाची भिंत, तटबंदीचा कोपरा, गुहेचं तोंड, दोन सॅक उभ्या करून केलेला आडोसा, काहीही चालेल. मात्र सॅक ज्योतीपासून हातभर लांब ठेवा.

दिवसाला किती पाणी?

दोघांचा, दोन रात्रींचा सह्याद्रीतला ट्रेक धरू. रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला जाण्यासारखा. संध्याकाळी चहा ३०० मिली, खिचडीला ९००, सकाळी चहा ३००, उपमा किंवा ओट्सला ५००. दिवसाला दोन लिटर, दोन दिवसांचे चार. लिटरला १३ ग्रॅम धरले तर ५२ ग्रॅम गॅस. खिचडी दोन्ही रात्री मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवायची तर दर वेळी १० ग्रॅम आणखी. एकूण सत्तरीच्या आसपास. म्हणजे ११० ग्रॅमचा लहान कॅन पुरतो आणि थोडा उरतोही. तरीही अशा ट्रेकला २३० ग्रॅमचा मोठा कॅन नेणारे आणि वर ‘असू दे’ म्हणून लहानही नेणारे बरेच भेटतात. रिकाम्या लहान कॅनचंच वजन १०० ग्रॅमच्या आसपास असतं. ‘असू दे’ला दोनशे ग्रॅम पडतात.

बरोबर काय शिजवायला नेता यावर इंधनाचा सगळा खेळ आहे. कच्चा तांदूळ आणि तूरडाळ घेऊन गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं ज्योत चालू राहणार. त्याऐवजी मुगाची डाळ घरीच कोरडी भाजून न्या. दुपारच्या मुक्कामात डाळ-तांदूळ बाटलीत किंवा डब्यात भिजत घाला. चालता चालता ते भिजतात आणि रात्री निम्म्या वेळात शिजतात. भाजलेल्या रव्यात फोडणी, मीठ, सुकवलेला कढीपत्ता मिसळून उपम्याचं मिश्रण घरी केलं तर गडावर फक्त आधण लागतं. पातळ पोह्यांना तेवढंही लागत नाही. सातूचं पीठ गूळ आणि गार पाण्यात कालवलं की झाली न्याहारी. एखाद्या सकाळी स्टोव्ह न पेटवताच निघता येतं, याचा आनंद मला तरी फार वाटतो.

उबेत शिजवायची पद्धतही अंगवळणी पाडून घ्या. थंडीत दही लागावं म्हणून विरजणाच्या भांड्याला घरात टॉवेल नाहीतर गोधडी गुंडाळतात, तेच तत्त्व. खिचडीला उकळी आली, पाच मिनिटं मंद आचेवर शिजली, की ज्योत बंद करायची आणि झाकणासकट टोप फ्लीसच्या टोपीत, शालीत किंवा गाडीच्या काचेला लावतात त्या चकचकीत फुगेदार फॉइलच्या पिशवीत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. अशी पिशवी कात्री आणि चिकटपट्टीने घरी अर्ध्या तासात होते आणि वजन ३०-४० ग्रॅमच्या पुढे जात नाही. माझ्या सगळ्या सामानात दर ग्रॅममागे सर्वांत जास्त इंधन याच पिशवीने वाचवलं आहे.

बर्नर

कॅनच्या तोंडावर फिरवून बसवायचा लहान बर्नर सह्याद्रीतल्या बहुतेक ट्रेकना पुरेसा आहे. अगदी हलके बर्नर २५ ग्रॅमचे मिळतात. एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट २ हा ७३ ग्रॅमचा आहे. या दोन वजनांमधल्या ४८ ग्रॅमवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण मी बर्नर हातात घेते तेव्हा वजनाआधी त्याचं डोकं बघते. ज्योतीची भोकं सपाट किंवा फुगीर डोक्यावर असतील तर वारा त्यांच्यावरून सहज जातो. डोकं खोलगट असेल, कडा थोडी उंच असेल आणि टोप त्या कडेच्या अगदी जवळ बसत असेल, तर ज्योत त्या खळग्यात सुरक्षित राहते. नंतर टोप ठेवायचे पाय बघावेत. ते फार आखूड असतील तर रुंद टोप डगमगतो आणि खिचडी दगडावर सांडते. त्यानंतर किल्ली. मंद आच नीट मंद होते का, की एकदम विझते? नुसतं आधण ठेवणाऱ्याला फरक पडत नाही, भात करणाऱ्याला पडतो.

नळीने जोडलेला बर्नरही मिळतो. कॅन बाजूला आणि बर्नर जमिनीलगत. वजन दुपटीच्या वर जातं, पण टोप बुटका आणि स्थिर बसतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्याभोवती पत्र्याचा आडोसा पूर्ण गोल लावता येतो. कॅनवरच्या बर्नरला असा गोल आडोसा कधीही लावू नये. आत कोंडलेली उष्णता खालच्या कॅनला तापवते, कॅनमधला दाब वाढत जातो आणि कॅन फुटू शकतो. कॅनवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, ते याचसाठी. अर्धगोल आडोसा, वाऱ्याच्या बाजूने, चालतो. अधूनमधून कॅनला हात लावून बघा. हाताला गरम लागला तर ज्योत लगेच बंद.

एकसंध संच ही तिसरी जात: बर्नर, पंखांचा टोप, वरून उबदार कव्हर, सगळं एकमेकांत अडकणारं. जेटबॉइल फ्लॅश हा त्यातला सर्वांना माहीत असलेला संच ३७१ ग्रॅमचा आहे. तो पाणी झटपट उकळतो आणि गॅस कमी खातो. मग तो इंधनाची बचत म्हणून घ्यावा का? हिशोब करून बघू. २५ ग्रॅमचा बर्नर आणि १०० ग्रॅमचा साधा टोप मिळून १२५ ग्रॅम. संच त्याहून सुमारे २४५ ग्रॅम जड. तो लिटरमागे साडेचार-पाच ग्रॅम गॅस वाचवतो असं धरलं, तर जादा वजन भरून निघायला जवळजवळ ५० लिटर पाणी उकळायला हवं. दोघांच्या दोन रात्रींना चारच लिटर लागतात. तेव्हा शनिवार-रविवारच्या ट्रेकला वजनाच्या दृष्टीने तो तोट्याचा आहे. वारा असेल, चौघांचं पाणी असेल किंवा बर्फ वितळवायचा असेल तर गणित पालटतं, कारण तिथे बचत होते ती आख्ख्या कॅनची.

बर्फाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. वर आपण २० अंशांच्या एक लिटर पाण्याला उकळी आणायला ३३५ काढले होते. म्हणजे बर्फ नुसता वितळवायला, हातात गार पाणी यायला, आख्ख्या उकळीइतका गॅस जातो. त्या पाण्याचा चहा करायचा तर आणखी एक उकळी. हिमालयात जवळपास वाहता झरा असेल तर तिथपर्यंत दहा मिनिटं चालत जाणं नेहमीच स्वस्त पडतं.

टोप

टोपाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि बचतीचा मोठा वाटा तिथेच आहे.

रुंदी पहिली. उंच, चिंचोळा मग-टोप सॅकमध्ये छान बसतो, त्यात कॅनही मावतो, पण त्याचं बूड साडेनऊ सेंटिमीटरचं असतं आणि ज्योतीचा बराच भाग बाहेरून वर जातो. १२-१३ सेंटिमीटर बुडाचा, बुटका टोप तीच ज्योत जास्त पकडतो. एकट्याने फिरत असाल आणि फक्त चहा-ओट्स करत असाल तर ७५० मिलीचा चिंचोळा टोप आणि बारीक आच, ठीक. दोघांना एक ते सव्वा लिटरचा रुंद टोप घ्यावा. काठोकाठ भरणारा टोप घेऊ नका, उकळी आली की उतू जातं, ज्योत विझते आणि बर्नरच्या भोकांत पेज जाऊन बसते.

मग धातू. टायटॅनियम हलकं आणि बळकट, त्याची भिंत अगदी पातळ करता येते. पण अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेतं. पाणी उकळताना याने फारसा फरक पडत नाही, कारण पाणी स्वतःच फिरत राहून उष्णता पसरवतं. भात, खिचडी, उपमा करताना मात्र लगेच कळतं. टायटॅनियमच्या टोपात ज्योतीच्या बरोबर वर एक गोल करपतो आणि कडेला तांदूळ कच्चा राहतो. तो करपलेला गोल खरवडायला लागणारं पाणी आणि वेळ कुणी वजनात धरत नाही. म्हणून आधणवाल्यांनी टायटॅनियम, शिजवणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम. शक्यतो हार्ड अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे वर कडक थर चढवलेलं, त्याला आंबटाचा त्रास होत नाही. स्टील टिकतं, पण जड असतं आणि उष्णता पसरवण्यात टायटॅनियमइतकंच कच्चं, त्यामुळे पाठीवर वाहायला मी सुचवणार नाही.

नवीन महागडं काही घ्यायचं नसेल तर भांड्यांच्या दुकानात जा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा, काठ असलेला, लिटरभराचा बिनकानाचा टोप आणि त्यावर बसणारी ताटली दीड-दोनशे ग्रॅमच्या आत मिळते. उचलायला हलकी सांडशी. हिंडालियमचा टोप जरा जाड असतो, पण भात त्यात सुरेख होतो. साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये चिंच-कोकम घालून आमटी उकळू नका आणि ती तशीच भरून ठेवू नका, एवढंच पथ्य. माझा पहिला ट्रेकचा टोप असाच होता आणि दहा वर्षं चालला.

पंखांचा सुटा टोप हा मधला मार्ग आहे. तो साध्या टोपापेक्षा शंभर ग्रॅमच्या आसपास जड असतो. लिटरमागे साडेचार ग्रॅम वाचले तर २२ लिटरनंतर वजन भरून निघतं. दोघांच्या दहा-बारा दिवसांच्या हिमालयातल्या फेरीला तो मी नेते, सह्याद्रीत नेत नाही. आणखी एक फायदा या हिशोबात दिसत नाही. पंखांच्या कडेमुळे ज्योत थोडी झाकली जाते आणि वाऱ्यात तो साध्या टोपापेक्षा बराच तग धरतो.

गॅस सोडून बाकीची इंधनं

डिनेचर्ड स्पिरिटची छोटी पणतीसारखी चूल पेयाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनमधून घरी करता येते, वजन १५-२० ग्रॅम. स्पिरिटमध्ये दर ग्रॅमला गॅसच्या साधारण ६० टक्केच उष्णता असते. एका लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास लागतं. चूल, आडोसा आणि बाटली मिळून ६५ ग्रॅम धरा आणि त्यात दर लिटरला ३० मिळवत जा. तिकडे २५ ग्रॅमचा बर्नर आणि भरलेला लहान कॅन मिळून २३५. पाच-सहा लिटरपर्यंत स्पिरिट हलकं, त्यापुढे गॅस. एकट्याच्या एका रात्रीला स्पिरिट वजनात सहज जिंकतं.

तरीही नोव्हेंबर ते मे या काळात सह्याद्रीत मी ते वापरत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. ती किल्ली फिरवून बंद करता येत नाही. चूल कलंडली तर पेटतं स्पिरिट वाहत जातं, आणि आपल्या डोंगरांवर तेव्हा गुडघाभर वाळलेलं गवत असतं. एका चुलीने डोंगराची आख्खी सोंड जळू शकते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि राखीव जंगलात आग पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्याने निर्बंध आहेत. लाकडाच्या चुलीलाही मी याच कारणाने नकार देते. शिवाय गडावरची उरलीसुरली झाडं आपल्या चहासाठी नाहीत.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आपल्या आधीच्या पिढीने डोंगरात खूप वाहिला. त्याचा मूळ धागा १८९२ सालच्या स्वीडनमधल्या प्रायमसपर्यंत जातो. पिन मारा, पंप मारा, वास सोसा, पण एकदा भडकला की वाऱ्याला आणि थंडीला पुरून उरायचा. आज त्याचे वंशज म्हणजे पेट्रोल-रॉकेलवर चालणारे बहुइंधनी स्टोव्ह. मोठा गट, कडक थंडी, अनेक दिवस, अशा मोहिमांना ते योग्य. दोघा-तिघांच्या ट्रेकला नको.

थंडी आणि उंची

सह्याद्रीत नीट चालणारा कॅन हिमालयात पहाटे का रुसतो, हे समजायला तीन आकडे पुरतात. कॅनमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच तो बर्नरपर्यंत येतो. समुद्रसपाटीच्या दाबाला साध्या ब्यूटेनची वाफ होणं उणे अर्ध्या अंशाला थांबतं, आयसोब्यूटेनचं उणे १२ च्या आसपास, आणि प्रोपेनचं उणे ४२ ला. त्यातून गॅस वापरताना कॅन स्वतःच गार पडत जातो, त्यामुळे बाहेर पाच अंश असले तरी ब्यूटेनचा कॅन दमतो. घरगुती पोर्टेबल शेगडीचे लांबट कॅन बहुधा साध्या ब्यूटेनचे असतात. ते स्वस्त आहेत, अडॅप्टर लावून ट्रेकच्या बर्नरवर चालतात आणि सह्याद्रीत चालून जातात. लडाख-स्पितीला मात्र आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा, बर्नर फिरवून बसवायचा कॅनच घ्यावा.

त्या कॅनमध्येही प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून अर्धा झालेला कॅन भरलेल्यापेक्षा थंडीला जास्त घाबरतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. सकाळी ताटलीत कोमट पाणी ओतून त्यात उभा करा, ज्योत लगेच सुधारते. कॅन आगीजवळ नेऊन तापवायचा विचारही करू नका.

उंचीचा नियम सोपा आहे: दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. हरिश्चंद्रगडावर ९५ अंशांच्या आसपास, लेहच्या उंचीला ८८ च्या. चहाला उकळी लवकर फुटते आणि गॅस थोडा वाचतो. डाळ मात्र शिजता शिजत नाही, कारण पाणी तेवढं गरमच होत नाही, आणि आच मोठी केली तरी होत नाही. तिथे डाळ-तांदूळ न नेता भिजून तयार होणारं खाणं न्यावं. पाच-सहा जणांचा गट असेल तर दोन-तीन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर न्यावा. त्याचं वजन पाहून नाक मुरडू नका, वाचलेल्या गॅसमध्ये तो स्वतःचं भाडं भरतो.

गॅसचा कॅन विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. रेल्वेतही ज्वालाग्राही सामान नेणं गुन्हा आहे. म्हणून हिमालयात जाताना बर्नर आणि टोप घरून न्या, कॅन मनालीला, लेहला किंवा डेहराडूनला उतरल्यावर घ्या, आणि तुमच्या बर्नरला बसणारा कॅन तिथल्या दुकानात आहे का हे निघायच्या आधी फोन करून विचारा. घरच्या सिलिंडरमधून कॅन भरून घेऊ नका. त्या गॅसचा दाब जास्त असतो आणि कॅन त्यासाठी बनवलेला नसतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पाऊस आला, थंडी वाजली, तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. आग लागायची भीती आहेच, पण त्याहून कार्बन मोनॉक्साइड फसवा आहे. त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, नुसती झोप येते आणि माणूस उठत नाही. छपराखाली, दोन बाजू उघड्या, एवढी तरी मोकळी हवा हवीच.

घरी करून बघा

स्टोव्ह घेतल्यावर थेट गडावर नेऊ नका. बाल्कनीत किंवा गच्चीत एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळा आणि कॅनचं वजन आधी-नंतर करा. मग पंखा लावून एकदा. जमलं तर झाकण न ठेवता एकदा. तीन वेळच्या उकळीला पन्नास-साठ ग्रॅम गॅस जाईल, तो वाया गेला असं समजू नका. पुढच्या प्रत्येक ट्रेकला किती कॅन न्यायचे याचा तुमचा स्वतःचा आकडा त्यातून मिळतो.

प्रत्येक कॅनवर मार्करने वजन लिहायची सवय लावा. नवा आणला तेव्हा किती, प्रत्येक ट्रेकनंतर किती. म्हणजे कपाटात साठलेल्या अर्ध्यामुर्ध्या कॅनमधून नेमका पुरेल तो उचलता येतो. गडावर काटा नसेल तर कॅन पाण्यात तरंगवून बघा, जितका जास्त वर तरंगेल तितका रिकामा. रिकामा कॅन खाली आणा. गुहांच्या कोपऱ्यात गंजलेले कॅन आता दिसायला लागले आहेत, आणि ते आपल्यापैकीच कुणीतरी ठेवले आहेत.

माझ्या टोपाच्या कापडी पिशवीवर आतल्या बाजूने तीन आकडे लिहिलेले आहेत: आडोशाला १३, वाऱ्यात २४, पंखांचा टोप ९. परवा ढाकोबाच्या डोंगरावर निघताना ते वाचले, कपाटातला ६२ ग्रॅम उरलेला कॅन उचलला आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यात काडेपेटीशेजारी ठेवला.